इंजिनाचा मूळ रंग

वैशाली, गाझियाबाद
१९ ऑगस्ट २००३

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग लिहिण्याइतके गुडघे आता वाकत नाहीत, आणि तुझं पत्र वाचल्यापासून मनही फारसं वाकायला तयार नाही.

नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा पत्त्यावरचं माझं नाव बघूनच ओळखलं आणि दारातच ते फोडायला लागले. वाटलं, पुष्करने मामाला कळवलं ते बरं केलं. त्याने तुला ई-मेलमध्ये लिहिलं होतं, की आजोबांचं हृदय थकलंय, पाय सुजलेत, डॉक्टर म्हणतात दिवाळीचं काही सांगता येत नाही. सोबत तात्यांचा फोटो जोडला होता. पलंगावर तात्या, मागे कपाट आणि कपाटावर ते चावीचं इंजिन.

तू पत्र लिहिलंस ते कपाटावरच्या वस्तूबद्दल. 'हे तेच का? अजून आहे? खालच्या बाजूचा फोटो पाठव.' पलंगावरच्या माणसाबद्दल एक अक्षर नाही.

वहिनी मागे फोनवर म्हणाल्या होत्या, की विमा कंपनीतून रिटायर झाल्यापासून तू इंटरनेटवर जुनी खेळण्यातली इंजिनं ओळखतोस. कुठल्या कारखान्याचं, कुठल्या सालचं, अस्सल की सजवलेलं, कितीला जाईल. लोक म्हणे तुला विचारल्याशिवाय बोली लावत नाहीत. ऐकून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. सगळ्या जगाची इंजिनं तू ओळखायला लागलास आणि आपल्या घरातल्याचं नाव नऊ वर्षं काढलं नाहीस.

तर हो, ते तेच आहे. तू दुसरीत असताना तात्यांनी लाल किल्ल्यामागच्या रविवारच्या बाजारातून आणलेलं. कुणातरी साहेबाच्या पोराचं, घर आवरताना भंगारात गेलेलं. आपण किशनगंजच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होतो. खंडेनवमीला तात्या त्याला आपल्या पान्यांच्या आणि हातोड्यांच्या रांगेत मधोमध ठेवायचे. इंजिनांच्या शेडमध्ये सगळ्यांबरोबर विश्वकर्म्याची पूजा करत, पण घरी खंडेनवमीच.

तुझा राग मी समजू शकते, हे आधीही सांगितलंय. आई गेली त्या जानेवारीत धुक्याने तुझी गाडी मथुरेच्या अलीकडे अडकून पडली आणि तात्यांनी वाट पाहिली नाही. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस म्हणाला, 'धुक्यातल्या गाडीचा भरवसा नाही, उचला.' तू आलास तेव्हा आम्ही घाटावरून परतून आंघोळीचं पाणी तापवत होतो. तू बॅग खाली न ठेवताच परत गेलास. ते चूक होतं, मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण ज्याने ते केलं तो माणूस आता उशीला टेकून बसल्याशिवाय श्वास घेऊ शकत नाही.

एकदा ये. मला दुसरं काही नको.

फोन करू नकोस. फोन तात्यांच्या खोलीत आहे आणि तू दोन मिनिटांत ठेवतोस, मग त्यांचा चेहरा मला दिवसभर बघावा लागतो. पुष्कर कॉम्प्युटरवर लिही म्हणतो, पण त्यावर मराठी कसं उमटवायचं ते मला येत नाही आणि इंग्रजीत मला भांडता येत नाही.

तुझी,
अलका


वैशाली
५ सप्टेंबर २००३

ती. दादा,

तुझं दुसरं पत्र मिळालं. येण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. पण प्रश्न एवढे विचारलेस की मी परीक्षेला बसल्यासारखी बसले. घे उत्तरं.

दोन चाकांमधलं अंतर पट्टीने मोजलं, बत्तीस मिलिमीटरला अगदी थोडं कमी भरतं. चावीचं भोक डाव्या बाजूला. चावी शाबूत आहे, तात्यांच्या जानव्याला असते. गंमत नाही करत, खरंच असते. चाकांना चीर नाही. ती जुनी जस्ताची चाकं वयानुसार आपोआप फुटतात असं तू लिहिलंस म्हणून भिंग लावून पाहिलं. मागच्या कोळशाच्या डब्यावर सोनेरी अक्षरं आहेत, एक कोपरा उडालाय, बाकी नीट वाचता येतात. आणि स्क्रूंच्या खाचा. खाचेत रंग भरलेला असेल तर कुणीतरी मागाहून रंगवलंय, खाच चकचकीत असेल तर रंग कारखान्यातला, असं तू म्हणतोस. सगळ्या खाचा चकचकीत आहेत. पुष्करने फोटो काढलेत, ते ई-मेलने येतीलच.

हे सगळं तात्यांना झोप लागल्यावर केलं. पण इंजिन उलटं धरून मी भिंग लावते आहे आणि ते डोळे उघडून माझ्याकडे बघताहेत, असं झालं.

"काय बिघडलंय त्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, धूळ पुसत होते."

"धूळ वर असते. तू खाली काय शोधतेस?"

मी इंजिन सरळ करून कपाटावर ठेवलं. मग ते म्हणाले, "भालूचं पत्र आलं ना? सकाळी पोस्टमनचा आवाज ऐकला मी."

आता सांग, मी काय करायचं? चष्मा लावला, तुझं पत्र उघडलं आणि वाचून दाखवलं. 'ती. तात्यांना शिरसाष्टांग नमस्कार. पायाची सूज कशी आहे? मीठ बंद केलं का? रात्री झोप लागते का?' असं दीड पान वाचलं. हातातल्या कागदावर होतं, 'टेंडरच्या, म्हणजे मागच्या कोळशाच्या डब्याच्या, तळाशी शिक्का आहे का ते पाहणे.' तात्या डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चांगलं लिहितो." मग कुशीवर वळले.

मला खोटं बोलायची हौस नाही दादा. पुढच्या पत्रात पायाच्या सुजेबद्दल खरंच एक ओळ लिही म्हणजे माझं पाप तेवढं कमी होईल.

डॉक्टर परवा येऊन गेले. जिन्यात मला म्हणाले, "मैडम, जिसको बुलाना है, बुला लीजिए." तात्यांचे कान अजून तिखट आहेत. ऐकलं असणार.

अलका


वैशाली
१७ सप्टेंबर २००३

ती. दादा,

चार पानं! तू इतकं मोकळं लिहितोस हे मी विसरलेच होते. लहानपणी मला शाळेतून घरी आणताना वाटेत गोष्ट सांगायचास, त्या चालीवर लिहिलंयस. फक्त या वेळी गोष्ट रंगाची. इंजिन युद्धाच्या आधीचं, अशी थोडीच निघाली, त्यातही मूळ रंग आणि मूळ अक्षरं असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बोली कुठवर जाईल याचा नेम नाही. पुसू नका, धुऊ नका, तेल लावू नका, हळदकुंकूसुद्धा वाहू नका. रंगाचा एक थर चढला की खेळ संपला, मग ते नुसता पत्रा.

मला वाटलं, हे मला कळायला हवं. म्हणून पुष्करला सुटी होती त्या दिवशी त्याच्या शेजारी बसून त्या लिलावाच्या साइटवर तासभर घालवला. कॉम्प्युटर तात्यांच्या खोलीत आहे, कारण फोनची तार तिथेच. नेट लागताना ते यंत्र घसा खाकरल्यासारखा आवाज करतं आणि तात्या दर वेळी म्हणतात, "इंजेक्टर साफ करा याचा."

काय काय विकतात रे लोक! एकाने सदर बाजारातलं कालपरवाचं पत्र्याचं खेळणं 'पणजोबांची आठवण' म्हणून ठेवलंय. पुष्कर म्हणाला, "आई, 'रेअर' लिखा है ना, मतलब त्याला स्वतःलाच माहीत नाही ते काय आहे." एका इंजिनाखाली तुझं नाव दिसलं. कुणाला तरी तू लिहिलं होतंस, की खालच्या बाजूचा फोटो का देत नाही, जो खालची बाजू दाखवत नाही तो काहीतरी लपवतोय. तुझं नाव त्या काचेवर बघून मला कसंसंच झालं. परक्या माणसांशी तू केवढ्या आपुलकीने बोलतोस. पुष्कर तात्यांना वाचून दाखवत होता आणि अर्थ सांगत होता. तात्यांनी मान वळवून ऐकलं.

तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, एक ओळ होती. 'तात्या अजून चष्मा उशाखाली ठेवून झोपतात का? काड्या मोडतील.' ही ओळ मी त्यांना तशीच वाचून दाखवली. एकही शब्द पदरचा घातला नाही. त्यांनी उशीखालून चष्मा काढला आणि स्टुलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उशीखाली होता, तो भाग वेगळा.

आता मुद्द्याचं. तू म्हणतोस, इंजिन थर्मोकोलमध्ये बांधून पुष्करच्या ओळखीच्या कुणाबरोबर पुण्याला पाठव, तू हातात घेऊन नीट बघशील आणि मग पुढचं ठरवशील. मी पाठवणार नाही. ते तात्यांचं आहे. हवं असेल तर इथे येऊन त्यांच्याकडे माग.

हो, मी तुला आमिष दाखवतेय. लपवत कशाला बसू? वडिलांसाठी तू येत नाहीस, तर इंजिनासाठी ये. आलास की मी दाराला बाहेरून कडी घालीन आणि दोघांना एका खोलीत सोडून मंडईत निघून जाईन. हे म्हणतात, "अलका, जबरदस्ती की मुलाकात का क्या फायदा?" दिल्लीत जन्म काढून अविनाशराव भांडतानाही हिंदीत भांडतात. मी म्हटलं, फायदा मी बघत नाही.

अलका


वैशाली
२७ सप्टेंबर २००३

ती. दादा,

तिकीट काढलंस! पत्र वाचून मी आधी देवापाशी साखर ठेवली आणि मग पुढची ओळ वाचली. चार ऑक्टोबरला पहाटे गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरणार आणि त्याच दुपारी तीनच्या गाडीने परत. 'इंजिन पाहण्यास दोन तास पुरेत.' बरं. दोन तास तर दोन तास. साखर काही मी उचलून परत डब्यात टाकली नाही.

चार तारखेला खंडेनवमी आहे, तू लक्षात ठेवून काढलंस की तसंच जमून आलं, ते मी विचारत नाही.

तात्यांना सांगितलं. मला धास्ती होती, एकदम आनंद झाला तर काय होईल. त्यांनी नुसतं विचारलं, "कुठल्या गाडीने?" गाडीचं नाव ऐकून म्हणाले, "ती बरी आहे." त्या दिवसापासून उठून बसताहेत. आठवडाभर ज्यांना चमच्याने पेज भरवत होते ते काल स्वतःच्या हाताने अर्धी पोळी जेवले. श्वासही बरा आहे. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, कभी कभी ऐसा होता है. ऐसा होने के बाद काय होतं ते मी विचारलं नाही.

दिवसभर काही ना काही चाललेलं असतं त्यांचं. कसल्या कामात आहेत ते आलास की बघशीलच. घरात जरा वास भरून राहिलाय, खालच्या मजल्यावर रंगकाम काढलंय लोकांनी.

इंदिरापुरमच्या बाजूला किती इमारती झाल्यात ते बघून तू वाट चुकशील, म्हणून पुष्कर गाडी घेऊन स्टेशनवर येईल. त्याची रात्रपाळी नोएडात सुटते, तिथूनच येईल परस्पर. त्याचं मराठी ऐकून चिडू नकोस. त्याला 'आजोळ' शब्द मी परवा समजावून सांगितला.

तुला भरली वांगी अजून चालतात ना? वहिनींनी पथ्य सांगितलं असलं तरी एक दिवस चालेल.

अलका


वैशाली
३ ऑक्टोबर २००३, दुपार

दादा,

हे पत्र टपालात नाही. पुष्कर तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत गाडी सुरू करणार नाही, असं मी त्याला बजावलंय. शांतपणे वाच.

खालच्या मजल्यावर कसलंही रंगकाम नव्हतं.

घटस्थापनेच्या दिवशी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. तात्यांच्या खोलीतून खरखर ऐकू आली म्हणून डोकावले. पलंगावर वर्तमानपत्र पसरलेलं, मांडीवर इंजिन, हातात पॉलिश पेपर. काळ्या रंगाचा डबा, थोडा लाल, एक बारीक ब्रश. हे सगळं त्यांनी पुष्करकडून मार्केटमधून मागवून घेतलं होतं, खंडेनवमीची तयारी म्हणून. कोळशाच्या डब्यावरची सोनेरी अक्षरं ते घासत होते. निम्मी गेली होती. निम्मी शिल्लक होती.

मी त्यांना थांबवू शकले असते. तुझं चार पानी पत्र मला पाठ होतं. एक थर चढला की नुसता पत्रा, हे मला त्या क्षणी जितकं कळत होतं तितकं तुलाही कळलं नसतं. पण त्यांचा हात स्थिर होता रे. सकाळी ज्या हातातून पाण्याचा पेला निसटत होता तो हात एका चालीने पुढे-मागे जात होता आणि श्वासाची घरघर थांबली होती. शेडमध्ये मोठा साहेब तपासणीला यायचा त्याच्या आधी आपलं इंजिन असंच घासून-रंगवून उभं करायचे, तसं त्यांचं चाललं होतं. मला वाटलं, तू येणार म्हणून चाललंय. मी परत जाऊन कणीक मळायला लागले. ते माझं करणं आहे. त्याबद्दल तुला जे म्हणायचं ते मला म्हण, त्यांना नको.

रंगाचे दोन हात दिले. पुढच्या पट्टीला लाल. स्क्रूंच्या खाचासुद्धा भरून गेल्यात. फार सुरेख दिसतंय आणि तुझ्या त्या साइटवर त्याला कुणी विचारणार नाही.

हे एवढंच असतं तर मी तुला स्टेशनवर काही सांगितलं नसतं. वर आल्यावर बघितलं असतंस, कपाळाला आठ्या घातल्या असत्यास, मी तुला गॅलरीत नेऊन समजावलं असतं. पण काल दुसरं काही झालं.

काल गांधी जयंतीची सुटी, हे घरी होते. इंजिनाकडे बघून सहज म्हणाले, "तात्या, भालूदादा तर ओरिजिनल रंग बघायला येताहेत, आणि आपण तर पूरा मेकअप करून ठेवलात." मी डोळे मोठे केले, पण शब्द सुटून गेला होता.

तात्या म्हणाले, "ठाऊक आहे मला. पुष्करने त्या यंत्रावर सगळं दाखवलं. रीपेंट यानी ज़ीरो, आजोबा, म्हणाला. म्हणूनच तर रंगवलं."

मला आधी नीट कळलंच नाही. मी विचारलं, "म्हणूनच म्हणजे?"

"तो इंजिनासाठी येतोय का माझ्यासाठी येतोय, ते मला जायच्या आधी कळायला हवं."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू वाचून दाखवतेस ती पत्रं फार छान असतात, अलके. भालूला असं लिहिता येत नाही. चष्म्याची ओळ तेवढी त्याची होती."

दादा, मला फार राग आला. मरणाच्या दारात टेकलेला माणूस, त्याच्यापुढे आवाज चढवू नये, हे सगळं मला कळतं. मी तरीही बोलले. म्हटलं, "तात्या, तुम्हाला पोराला भेटायचंय की पास-नापास करायचंय? नऊ वर्षांनी तो पहिल्यांदा येतोय. कशाला का येईना. इंजिनाच्या निमित्ताने येतोय तर येऊ द्यायचं होतं. त्याला निमित्त लागतं, कारण तो तुमचाच मुलगा आहे. तुम्हाला तरी निमित्ताशिवाय कधी कुणाला जवळ घेता आलं?"

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवले नाहीत. संध्याकाळी पाय पुन्हा सुजले.

मी रात्रभर आणि आज सकाळभर विचार केला. तुला काही न सांगता वर येऊ द्यावं का? तू आत येशील, थेट कपाटापाशी जाशील, हातात घेशील आणि तुझा चेहरा पडेल. तुझा चेहरा लपत नाही, लहानपणापासून लपत नाही. ते उशीवरून बघत असतील. त्यांना जे पाहायचंय ते त्यांना एका क्षणात दिसेल आणि त्यानंतर त्यांच्याकडे ते विसरायला फार दिवस नाहीत. ते मला बघवणार नाही. म्हणून पेपर मी आधीच फोडतेय. तू नापास झालेला मला नकोयस, आणि ते नापास करणारे म्हणून गेलेले मला नकोत.

तू म्हणशील, अलका, तू मला फसवून आणलंस. आणलं खरं. पण माझ्याकडे दुसरं काय होतं सांग. 'ये' म्हणून मी नऊ वर्षं सांगत होते, तू आला नाहीस. 'मूळ रंग आहे' म्हटल्यावर आलास. यात माझी चूक किती आणि तुझी किती, ते आपण म्हातारपणी निवांत वाटून घेऊ.

तात्यांचंही सांगते, कारण मला त्यांचा राग येतो तेवढीच त्यांची कीवही येते. हे लिहिते आहे तेव्हा त्यांच्या खोलीत न्हावी आलाय. त्यांनीच बोलावणं पाठवलं. दाढी चाललीय. पांढरा शर्ट इस्त्री करून हवाय, तो खुर्चीवर आहे. परीक्षा घेणारा माणूस स्वतःच परीक्षेला निघाल्यासारखा तयार होतोय. थोड्या वेळापूर्वी मला हाक मारली. मी अजून रागातच होते, दारातच उभी राहिले.

"काय?" म्हटलं.

तोंडाला साबण, त्यातून म्हणाले, "तो रंग पुरता वाळला का बघ. त्याच्या हाताला लागायचा."

मी जवळ जाऊन बोट लावून पाहिलं. वाळला होता. सांगितलं त्यांना. तरी म्हणाले, उन्हात ठेव थोडा वेळ. इंजिन आता गॅलरीत, तुळशीच्या कुंडीजवळ उन्हात आहे.

एवढंच सांगायचं होतं. आता इथे तुझ्यासाठी ओळखायला, तपासायला, न्यायला असं काही उरलेलं नाही. ते तुझ्या लिलावाच्या कामाचं नाही. मागे फिरायचं असेल तर मी समजून घेईन असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी समजून घेणार नाही. फक्त अडवणार नाही. तात्यांना पुष्कर सांगेल की गाडी लेट आहे, आणि ते त्यांना कळेल, कारण गाडीचं त्यांना सगळंच कळतं.

यायचं ठरवलंस तर जिना चढून ये, लिफ्ट सकाळी बंद असते. दार उघडं ठेवते.

आमच्याकडे जेवण साडेबाराला होतं. मी भात पाच माणसांचा लावणार आहे. उरला तर रात्री फोडणी घालीन, आणि तुला पुन्हा पत्र लिहिणार नाही.

अलका